स्मारकांची भाषा आणि आशेचा कर्ता : रवांडातील संहारस्मारकांविषयीच्या लेखनाचा विचार

राफाएल लेम्किन या पोलिश-यहुदी विधिज्ञाने १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द घडविला तो ग्रीक ‘गेनोस’ आणि हत्या या अर्थाचा लॅटिन उत्तरांश यांच्या संयोगाने. ‘गेनोस’ हा शब्द आणि संस्कृतातील ‘जन’, ‘जाति’ हे शब्द एकाच मूळ धातूची संतती होत. तेव्हा या शब्दाचा मराठीत अगदी धात्वर्थाने अनुवाद करावयाचा झाल्यास तो ‘जातिघात’ असाच व्हावा. मराठीने तो स्वीकारलेला नाही. वृत्तपत्रे ‘नरसंहार’ लिहितात, विधिविषयक लेखनात ‘वंशविच्छेद’ वा ‘वंशसंहार’ असे पर्याय आढळतात. यांपैकी ‘नरसंहार’ हा शब्द सर्वांत रूढ आणि सर्वांत सदोष होय. कारण त्यात माणसे मारली गेली एवढेच येते, ती अमुक एका समूहाची म्हणून मारली गेली हा या गुन्ह्याचा गाभा त्यातून गळून पडतो. १९४८ च्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९५९ मध्ये अनुमती दिली, त्या कराराची सारी व्याख्या त्या ‘म्हणून’वर उभी आहे.

हा शब्दविचार निव्वळ प्रास्ताविक नव्हे. रवांडामध्ये १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत तुत्सींचा जो संहार झाला, त्याच्या केंद्रस्थानीही असाच एक शब्द होता. बेल्जियन अमदानीत १९३० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिलेल्या ओळखपत्रावर एक रकाना असे : ‘उब्वोको’. हुतु, तुत्सी, त्वा यांपैकी काय ते तेथे लिहिले जाई. किन्यार्वांडा भाषेत ‘उब्वोको’ म्हणजे प्रकार, वाण, कुळ. आंब्याची जात, गुरांची जात आणि माणसांची जात या तिन्ही ठिकाणी एकच शब्द सहजपणे वापरणाऱ्या मराठी भाषकाला या शब्दाचा पल्ला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १९९४ मध्ये रस्त्यांवरील अडथळ्यांपाशी हा रकाना वाचला जाई आणि वाचणाऱ्याच्या हातात कोयता असे. मृतांचा आकडा आठ लाखांपासून दहा लाखांच्या वर सांगितला जातो.

या संहाराची जी स्मारके नंतर उभी राहिली त्यांच्याविषयी गेल्या पाव शतकात विपुल लेखन झाले आहे, आणि त्यात भेट देणाऱ्याच्या वृत्तांताचा एक ठरावीक साचा तयार झालेला दिसतो. प्रवासी किगालीत उतरतो. टेकड्यांची हिरवळ आणि रस्त्यांची स्वच्छता पाहून चकित होतो. स्मारकात जाऊन हादरतो. बाहेर आल्यावर एखाद्या हसऱ्या मुलाला किंवा क्षमाशील विधवेला भेटतो. आणि ‘तरीही आशा आहे’ असे लिहून विमानात बसतो. या साच्याची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. लिहिणारे बहुधा प्रामाणिक असतात. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : ‘आशा आहे’ या वाक्यात आशा बाळगणारा कोण? मराठीत हे वाक्य कर्त्याशिवाय निभावून जाते, आणि ही सोयच येथे दिशाभूल करते. ‘मला आशा आहे’ आणि ‘त्यांना आशा आहे’ ही दोन सर्वस्वी भिन्न विधाने होत. पहिले कोणीही करू शकतो. दुसरे करण्यास पुरावा लागतो.

प्रथम स्मारकांचाच विचार करू. यांतील न्यामाता, मुराम्बी, गिसोझी आणि बिसेसेरो ही चार स्थळे २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. यांची जातकुळी एक नाही. किगालीतील गिसोझीचे स्मारक २००४ मध्ये, संहाराच्या दहाव्या वर्षी उघडले. तेथे अडीच लाखांहून अधिक मृतांच्या दफनभूमीशेजारी नीट आखलेले प्रदर्शन आहे आणि किन्यार्वांडा, फ्रेंच व इंग्रजी अशा तीन भाषांतील फलक आहेत. न्यामाता हे चर्च आहे. आश्रयाला आलेले लोक तेथेच मारले गेले. त्यांचे कपडे बाकांवर ढीग करून ठेवले आहेत आणि छपराच्या पत्र्यातील भोकांतून उजेड आत येतो. मुराम्बी येथे टेकडीवरील अपुऱ्या बांधलेल्या तंत्रशाळेच्या खोल्यांत चुन्याने टिकविलेली प्रेते मांडलेली आहेत. बिसेसेरो ही प्रतिकाराची टेकडी. तेथील लोक दगड आणि भाले घेऊन अनेक आठवडे लढले. गिसोझीला वाचावयाचे असते, न्यामाता आणि मुराम्बी येथे पाहावयाचे असते, आणि बिसेसेरोला चढावयाचे असते. वृत्तांतकार मात्र या सर्वांविषयी एकाच सुरात लिहितात, हे विशेष.

गिसोझीच्या बालदालनाकडे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. तेथे मारल्या गेलेल्या मुलांची मोठी छायाचित्रे आहेत आणि प्रत्येकाखाली थोडक्या ओळींचा फलक आहे : नाव, वय, आवडते खाणे किंवा खेळ, स्वभाव, कधी स्वप्न, कधी शेवटचे शब्द, आणि अखेर मृत्यू कसा आला ते. रचना एखाद्या नोंदपत्रकाची आहे. क्रियापदे जवळजवळ नाहीत. या रचनेचे बळ कशात आहे हे पुष्कळांनी सांगितले आहे. मुलांच्या आवडी सर्वत्र सारख्या असतात आणि त्यामुळे पाहणाऱ्याला आपले मूल आठवते, हे खरेच. परंतु आणखी एक गोष्ट आहे. ओळखपत्र हेसुद्धा नोंदपत्रकच होते. त्याच साच्यात, रकान्यापुढे मजकूर अशा त्याच पद्धतीने, हे फलक लिहिलेले आहेत आणि त्यांत ‘उब्वोको’चा रकाना नाही. ज्या लेखनप्रकाराने माणसाला एका शब्दापुरते उरविले होते, तोच लेखनप्रकार येथे माणसाला परत देण्यासाठी वापरला आहे. हे योजनापूर्वक केले किंवा कसे, हा प्रश्न गौण होय. वाचनात ते सिद्ध होते.

त्या दालनातील दहा वर्षांच्या एका मुलाच्या फलकावर फुटबॉलची आवड आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न नोंदलेले आहे. त्याचे शेवटचे शब्द म्हणून जे वाक्य दिले आहे त्याचा आशय असा, की संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आपल्याला न्यायला येतील. क्रियापद भविष्यकाळी आहे. २१ एप्रिल १९९४ रोजी सुरक्षा परिषदेने आपल्या ९१२ व्या ठरावाने रवांडातील त्या सैन्याची संख्या सुमारे अडीच हजारांवरून २७० वर आणली. त्याच दिवशी मुराम्बीच्या शाळेतील कत्तल झाली. स्मारकभेटीत आशा शोधू पाहणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की आशा हा शब्द ज्याला निःसंशय लागू पडेल असे वाक्य त्या इमारतीत आहे, आणि ते हे आहे. पुष्कळशा वृत्तांतकारांनी या फलकाचा उल्लेख केला आहे. त्यातील काळाचा विचार क्वचितच कोणी केला आहे. आशेची गोष्ट सांगताना जी आशा फसविली गेली ती कोठे ठेवावयाची, याचे उत्तर या वृत्तांतांच्या साच्यात नाही.

संहारापूर्वीची आणि संहारकाळातील भाषा हा स्वतंत्र विषय असून त्यावर न्यायालयातही खल झाला आहे. आरटीएलएम या नभोवाणी केंद्रावरून तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे, म्हटले जाई. ठार मारण्याला ‘गुकोरा’, म्हणजे काम करणे, असा शब्द वापरला जाई. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी आकायेसू खटल्याचा जो निकाल दिला, त्यात या शब्दांच्या अर्थासंबंधी माथियास रुझिंदाना या भाषावैज्ञानिकाची तज्ज्ञ म्हणून साक्ष घेतली गेली. शब्दाचा कोशगत अर्थ एक, विशिष्ट काळी विशिष्ट तोंडून निघालेल्या शब्दाचा अर्थ दुसरा, हे तत्त्व एरवी वर्गात शिकविले जाते. येथे त्यावर माणसाच्या अपराधाचा निर्णय अवलंबून होता.

या ठिकाणी एका लोकप्रिय समजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. किन्यार्वांडा ही नामवर्ग असलेली बांटू भाषा आहे. माणसांचा वर्ग एकवचनी ‘उमु-’ आणि अनेकवचनी ‘अबा-’ या उपसर्गांनी ओळखला जातो : ‘उमुतुत्सी’, ‘अबातुत्सी’. ‘इन्येन्झी’ आणि साप या अर्थाचा ‘इन्झोका’ हे शब्द मात्र दुसऱ्या वर्गात पडतात, आणि पुष्कळसे प्राणी त्याच वर्गात आहेत. यावरून असे सुचविण्याचा मोह होतो, की व्याकरणानेच तुत्सींना मनुष्यवर्गातून हद्दपार केले. मोह मोठा असला तरी अनुमान टिकणारे नाही. मित्र या अर्थाचा ‘इन्शुती’ हा शब्दही त्याच वर्गात आहे, आणि तुत्सी निर्वासितांच्या सैन्याला अभिमानाने लावले गेलेले ‘इन्कोतान्यी’ हे नावही त्याच वर्गातले. मराठीत ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे म्हणून मराठी माणूस मुलांना निर्जीव समजतो असे कोणी म्हणणार नाही. भाषेला गुन्हेगार ठरविले की भाषक सुटतो. ‘काम’ हा शब्द निरपराध होता. तो ध्वनिक्षेपकावरून उच्चारणारे आणि संध्याकाळी ‘कामा’वरून परतणारे लोक निरपराध नव्हते.

स्मारकवृत्तांतांच्या या पसाऱ्यात दोन ग्रंथ मात्र वेगळे काढावे लागतात. १९९८ मध्ये काही आफ्रिकी लेखकांना ‘स्मृतीच्या कर्तव्यापोटी लेखन’ या उपक्रमाखाली रवांडाला नेण्यात आले. त्यातून २००० साली आयव्हरी कोस्टच्या वेरोनिक ताजो यांचा ‘इमानाची छाया’ हा प्रवासग्रंथ आणि सेनेगलच्या बुबाकार बोरिस दियोप यांची ‘मुराम्बी, अस्थींचा ग्रंथ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. न्यामाताच्या चर्चमध्ये त्या काळी अत्याचार करून मारलेल्या एका स्त्रीचा देह दर्शनी ठेवलेला होता. तो पुढे शवपेटीत ठेवण्यात आला. या स्त्रीचा देह दोन्ही ग्रंथांत येतो. ताजो तिचे वर्णन जवळजवळ पंचनाम्याच्या भाषेत करतात : स्थळ, मृतांची संख्या, देहाची अवस्था. विशेषणे गळून पडतात. येथे लेखिकेने आपली हळहळ आवरली आहे, आणि त्या आवरण्यातच तिचा विवेक दिसतो. तथापि ताजो यांच्या ग्रंथाच्या इतर भागांत प्रवासी पुन्हा डोके वर काढतो. या देशाने आपल्या मनातील भीतीचे काय केले, ही चिंता वारंवार पुढे येते आणि तेवढ्या अंशाने रवांडा हा लेखिकेच्या अंतर्यात्रेचा देखावा बनतो. हा दोष लहान नाही. परंतु ताजो तो लपवीत नाहीत, हेही नोंदविले पाहिजे.

दियोप यांनी कादंबरीचा मार्ग घेतला आणि भेट देणाऱ्यालाच आरोपीच्या जवळ नेऊन बसविले. कोर्नेलियस हा इतिहासाचा अध्यापक परदेशात अनेक वर्षे काढून रवांडात परततो. आपले आप्त मारले गेले एवढे त्याला ठाऊक असते. आपल्या डॉक्टर बापानेच मुराम्बीची कत्तल घडवून आणली, हे त्याला आल्यावर कळते. संहारावर नाटक लिहिण्याची त्याची कल्पना त्यानंतर उरत नाही. स्मारकाला भेट देणारा हा बाहेरचा आहे, दुःखाचा धनी आहे की अपराधाचा वारस आहे, हे स्पष्ट नसताना त्याने कोणत्या तोंडाने आशा उच्चारावी? दियोप यांनी हा प्रश्न सोडविला नाही, आणि न सोडविल्यामुळेच कादंबरी उभी राहते. रवांडाच्या अनुभवानंतर दियोप आपल्या वोलोफ या मातृभाषेत लिहू लागले. त्यांची पहिली वोलोफ कादंबरी २००३ मध्ये आली. दुसऱ्याचा मृत्यू पाहून आल्यावर माणसाला आपल्या भाषेकडे परतावेसे वाटावे, यात साहित्यविचाराला पुष्कळ खाद्य आहे.

आता ‘त्यांना आशा आहे’ या दुसऱ्या विधानाकडे वळावयाचे. पुरावा म्हणून फ्रेंच पत्रकार जाँ हात्झफेल्द यांचे न्यामाताविषयीचे तीन ग्रंथ घ्यावे लागतात. पहिला, २००० चा, वाचलेल्यांच्या निवेदनांचा. दुसरा, २००३ चा, मारेकऱ्यांच्या निवेदनांचा. तिसरा, २००७ चा, मारेकरी तुरुंगातून सुटून त्याच टेकड्यांवर परतल्यानंतरचा. २००३ मध्ये कबुली दिलेल्या हजारो कैद्यांना सोडण्यात आले होते. ‘गाचाचा’ नावाची ग्रामन्यायालये, जिचे नाव गवतावरून आले आहे ती बसून न्याय करण्याची जुनी रीत नव्याने उभारून, २०१२ पर्यंत चालविण्यात आली आणि त्यांच्यापुढे वीस लाखांच्या आसपास प्रकरणे आली. म्हणजे न्यामाताच्या विधवेला रोज पाणी भरताना, बाजारात, चर्चमध्ये, तो माणूस दिसत होता. हात्झफेल्द यांच्या तिसऱ्या ग्रंथातील वाचलेले लोक ‘आशा’ हा शब्द फार जपून वापरतात. ते पेरणीविषयी बोलतात, मुलांच्या शाळेविषयी, गुरांविषयी. क्षमेविषयी विचारले की त्यांची वाक्ये आखडतात. भेट देऊन गेलेल्या प्रवाशाच्या वृत्तांतात मात्र हेच शेजारी राहणे ‘समेट’ या एका नामात मावते. क्रियेचे नाम करण्यात हा धोका असतोच : ‘शेजारी राहावे लागते’ यातील ‘लागते’ हे ‘समेट’ या नामात शिल्लक राहत नाही.

किन्यार्वांडा भाषेत ‘एजो’ या एकाच शब्दाने काल आणि उद्या हे दोन्ही दिवस दर्शविले जातात. कोणता ते क्रियापद ठरविते. ‘एजो हाशिझे’ म्हणजे गेलेला, ‘एजो हाझाझा’ म्हणजे येणारा. हिंदीतील ‘कल’ असाच आहे, आणि मराठीने काल व उद्या वेगळे केले असले तरी ‘परवा’ दोन्ही दिशांना मोकळा ठेवला आहे. यावरून रवांडाच्या लोकांना भूत आणि भविष्य वेगळे दिसत नाही असा निष्कर्ष काढणारे लेखनही अधूनमधून आढळते. परवाचा मराठी वापरणारा कोणीही त्याला हसेल. शब्द संदिग्ध असतो, बोलणारा नसतो. उपयोगाचा मुद्दा इतकाच, की ‘एजो’ला दिशा देण्यासाठी क्रियापद लागते. आशेसाठी ‘इचिझेरे’ हा जो शब्द आहे तोही ‘क्विझेरा’, म्हणजे विश्वास ठेवणे, या क्रियापदातून आलेला आहे. आणि विश्वास कोणावर, हा प्रश्न त्याला चिकटूनच येतो.

स्मरणदिनाचे अधिकृत नाव ‘क्विबुका’ असे आहे : स्मरण करणे. त्याची घोषणा ‘क्विबुका त्वियुबाका’ अशी असून इंग्रजीत तिच्या जागी ‘स्मरा, एक व्हा, नवे व्हा’ अशा अर्थाची तीन सुटी क्रियापदे ठेवलेली दिसतात. मूळ किन्यार्वांडात ‘एक व्हा’ याला स्वतंत्र क्रियापद नाही. ‘त्वियुबाका’ हे रूप मात्र विश्लेषणास योग्य आहे : प्रथमपुरुषी अनेकवचनाचा ‘तु-’, आत्मवाचक घटक, आणि बांधणे या अर्थाचा धातू. स्मरण करताना आम्ही स्वतःला बांधतो. इंग्रजीत आज्ञा आहे. किन्यार्वांडात कर्ता आहे आणि तो स्वतःच आपला कर्मही आहे. भेट देणाऱ्याला इंग्रजी फलक आज्ञा करतो, म्हणून त्याला वाटते की आशा बाळगणे हे आपले काम आहे.

परंतु मराठीत आणताना येथे एक पेच पडतो. किन्यार्वांडातील ‘तु-’ हा ऐकणाऱ्यासह आहे की ऐकणाऱ्याला वगळून, हे रूपावरून सांगता येत नाही. मराठीला ते सांगावेच लागते : ‘आपण’ किंवा ‘आम्ही’. ‘आपण स्वतःला बांधतो’ असा अनुवाद केला, तर त्यात वाचलेले आले, सुटून आलेले मारेकरी आले, १९९४ नंतर जन्मलेली पिढी आली. राज्याची इच्छा हीच आहे. म्हणून तर ओळखपत्रावरचा रकाना गेला आणि ‘मी रवांडी आहे’ या आशयाची मोहीम २०१३ पासून चालविली गेली. उलट, राज्यघटनेत आणि स्मरणविधीत संहाराचे नाव ‘तुत्सींविरुद्ध केलेला जेनोसाइड’ असे निश्चित करण्यात आले. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही स्मरणदिनासाठी तेच नाव घेतले. हे नाव अचूक आहे. ज्या ‘म्हणून’चा आरंभी उल्लेख केला तो त्यात टिकतो आणि ‘दोन्ही बाजूंनी मारले’ या खोट्या समतोलाला त्याने आळा बसतो. तथापि तुत्सींना लपविल्याबद्दल किंवा सत्तेला विरोध केल्याबद्दल मारल्या गेलेल्या हुतुंचा उल्लेख स्मारकांत असला तरी तो कडेला आहे, आणि त्या वर्षांत अन्य रीतीने मेलेल्या हुतुंसाठी कोठे रडावे याला सार्वजनिक जागा नाही. तो विषय बोलणे कायद्यानेही कठीण केले आहे. म्हणजे क्रियापदात ‘आपण’ आणि नामात ‘ते’, अशी ही रचना आहे. राज्याने ती जाणून स्वीकारली आहे असे दिसते, आणि तिच्यावाचून दुसरा मार्ग होता काय, हे दुरून सांगणे धाष्टर्याचे ठरेल. समीक्षकाने एवढे मात्र म्हणावे, की भेट देणारा त्या ‘आपण’मध्ये नाही. तो पाहुणा आहे आणि पाहुण्याचे सर्वनाम ‘तुम्ही’ हे होय.

न्यामाता परिसरातील स्मारकांत एक वाक्य लिहिलेले आढळते. त्यात मृत व्यक्ती मारणाऱ्याला संबोधून सांगते, की त्याने तिला आणि स्वतःलाही ओळखले असते तर त्याच्या हातून हे घडले नसते. वाक्य संकेतार्थी आहे आणि त्यातील ‘तू’ निश्चित आहे. पुष्कळ प्रवासी हे वाक्य टिपून घेतात आणि त्यात मानवतेचा संदेश वाचतात. वास्तविक तो संदेश त्यांना उद्देशून नाही. चर्चपासून काही अंतरावर तो ‘तू’ आपले शेत नांगरीत असण्याचा संभव होता, आणि वाक्य त्याच्यासाठी होते.

‘आम्ही’चा आग्रह धरणारे लेखनही आहे. स्कोलास्तिक मुकासोंगा यांचे कुटुंब १९६० मध्ये ज्या तुत्सींना न्यामाताच्या ओसाड मुलखात हाकलून दिले त्यांपैकी होते. त्या स्वतः १९७३ मध्ये देश सोडून गेल्या. मागे राहिलेली त्यांची बहुतेक माणसे १९९४ मध्ये मारली गेली. २००६ च्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘इन्येन्झी’ असे आहे. फेकलेला शब्द उचलून त्यांनी मुखपृष्ठावर ठेवला. आपल्या लेखनाला त्यांनी कागदी समाधी म्हटले आहे. २००४ मध्ये त्या परत गेल्या तेव्हा आईबापांच्या घराच्या जागी झाडोरा माजला होता. तेथे स्मारक नाही, फलक नाही, मार्गदर्शक नाही. त्या ग्रंथात आशा हा विषयच निघत नाही. माणसांची नावे येतात, कोण कोणाच्या शेजारी राहत होते ते येते, आई ज्वारीच्या काळात काय करी ते त्यांच्या २००८ च्या पुढल्या पुस्तकात येते, आणि ‘आम्ही’ हे सर्वनाम पानोपानी येते. मराठी अनुवादकाला त्या ठिकाणी ‘आपण’ लिहिण्याचा विचारही करावा लागणार नाही.